पाण्यात उभं राहणारं ऑर्किड: फ्रॅगमिपेडियम जेसन फिशर, तीन वर्षांनंतरचा रिव्ह्यू

ऑर्किड आणलं की सगळे एकच सांगतात, पाणी कमी घाल, मुळं सुकू दे, नाहीतर कुजतील. मी पण आठ-दहा वर्षं फॅलेनॉप्सिस, म्हणजे दुकानात सगळीकडे मिळतं ते ऑर्किड, ह्याच नियमावर वाढवली आणि चांगली वाढली. मग तीन वर्षांपूर्वी घरात हे झाड आलं, ज्याच्या कुंडीखालच्या ताटलीत कायम दोन बोटं पाणी लागतं, एक दिवस ताटली कोरडी राहिली तर पानांची टोकं लगेच सांगतात. त्यामुळे आधी जे शिकले होते ते अर्धं बाजूला ठेवावं लागलं आणि हा रिव्ह्यू मुख्यतः त्याबद्दलच आहे, कारण दुकानात कोणी हे नीट समजावून सांगत नाही आणि लोक महागाचं झाड आणून सहा महिन्यांत मारतात.

आधी झाड काय आहे ते. स्लिपर ऑर्किड म्हणजे ज्याच्या फुलाची खालची पाकळी पुढे येऊन बुटासारखी पोकळ झालेली असते. आपल्याकडे भारतात जी मिळतात ती बहुतेक पॅफिओपेडिलम, म्हणजे आशियातली. ही फ्रॅगमिपेडियम, सगळे नुसतं फ्रॅग म्हणतात, ती दक्षिण मेक्सिकोपासून खाली कोलंबिया, इक्वाडोर, पेरू, बोलिव्हिया आणि ब्राझीलपर्यंतची. ह्यातल्या कितीतरी जाती ओढ्याच्या काठी नाहीतर सतत पाणी झिरपणाऱ्या कड्यांवर वाढतात, धबधब्याच्या तुषारात मुळं ओली, पण पाणी वाहतं आणि स्वच्छ. आंबोली घाटात पावसाळ्यात कातळावरून पाणी पाझरत असतं ना, तसं डोळ्यासमोर आणा, फक्त अँडीजच्या पूर्व उतारावर आणि बाराही महिने.

जेसन फिशर हा हायब्रिड, म्हणजे संकर आहे. ह्याच्यात पाऊण हिस्सा बेसी ह्या जातीचा आणि पाव हिस्सा ब्राझीलच्या सार्जेंटियानमचा. बेसीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९८१ पर्यंत स्लिपर ऑर्किडमध्ये खरा लाल रंग कोणी बघितलाच नव्हता. हिरवट, तपकिरी, फार तर गुलाबी. आणि हायब्रिड करायचं काम तर कधीचं चालू होतं, इंग्लंडच्या व्हीच नर्सरीने १८७३ मध्येच सेडेनी नावाचा पहिला फ्रॅग हायब्रिड फुलवला होता, म्हणजे शंभरावर वर्षं लोक ह्याच रंगांत फिरत होते. मग १९८१ मध्ये पेरूच्या तारापोतो भागात एलिझाबेथ बेसी ह्या बाईंना ओल्या कड्यावर शेंदरी लाल फुलं दिसली, त्याच वर्षी त्यांच्या नावाने जातीचं नाव ठेवलं गेलं आणि त्यानंतर फ्रॅगचं सगळं जगच बदललं. आज बाजारात जे लाल, केशरी फ्रॅग दिसतं त्याच्यामागे जवळजवळ नेहमी बेसी असते.

आता खरेदी. आम्ही कॅलिफोर्नियात सॅन होजेला राहतो. इथल्या एका ऑर्किड सोसायटीच्या मीटिंगमध्ये मागे सेलचं टेबल असतं, तिथे एक वयस्कर ग्रोअर स्वतः वाढवलेली झाडं आणतात. ४५ डॉलर. चार इंची कुंडी, तीन ग्रोथ, फूल नाही. ग्रोथ म्हणजे पानांचा एक पंखा, एका पंख्याला एकदाच फूल येतं आणि मग तो बाजूला नवीन पिल्लं देतो, त्यामुळे झाड घेताना ग्रोथ मोजायची, फूल नाही मोजायचं. हे त्यांनीच शिकवलं. एक फुलाचा पंखा आणि त्याच्याजवळ नवीन कोंब नाही असं झाड ६० डॉलरला घेण्यापेक्षा न फुललेलं, तीन पंख्यांचं झाड ४५ ला घेतलेलं कधीही बरं. त्यांनी कुंडी उलटी करून मुळं पण दाखवली, तपकिरी केसाळ पण कडक, टोकं फिकट. सर्व्हिस म्हणायची तर मला हीच. मला वाटतं ऑर्किड विकणाऱ्याने मुळं दाखवायला नाही म्हटलं तर तिथून निघावं.

जाताना त्यांनी विचारलं, घरी पाणी कुठलं? मी म्हटलं नळाचं. त्यांनी टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा मीटर, घ्यायला सांगितलं. पंधरा डॉलरचा पेनासारखा मीटर. घरी येऊन नळाच्या पाण्यात बुडवला तर ३८०. फ्रॅगला शंभरच्या आतबाहेर असेल तर उत्तम. फॅलेनॉप्सिसचं ह्या पाण्याने काही बिघडत नव्हतं, पण फ्रॅग रोज पाण्यात उभं असतं, पाणी पानातून उडून जातं आणि क्षार मुळाशीच साठत राहतात, आणि मग पानाची टोकं जळाल्यासारखी काळी-तपकिरी होतात. लोकांना वाटतं पाणी जास्त झालं म्हणून ते पाणी बंद करतात आणि झाड दोन्हीकडून मरतं, क्षारांनी पण आणि तहानेने पण. माझ्या मते फ्रॅग मरण्याचं एक नंबरचं कारण हेच आहे.

मग पावसाचं पाणी. कॅलिफोर्नियात पाऊस नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल, बाकी वर्ष कोरडं ठणठणीत, पण जेवढा पडतो तेवढा साठवायचा असं ठरवलं. त्या वर्षी सासूबाई कुडाळहून सहा महिन्यांसाठी आलेल्या. त्यांनी आधी ताटलीतलं पाणी बघून डोक्याला हात लावला. "अगो, मुळां कुसतली ना!" त्यांच्या अंगणात आंब्याला बांधलेलं सीतेची वेणी हे ऑर्किड आहे, तिला त्या पावसाळा सोडला तर नुसतं शिंपडतात, त्यामुळे त्यांचं म्हणणं त्यांच्या झाडासाठी शंभर टक्के बरोबरच होतं. पण मी कड्यावरचे फोटो दाखवले, पाणी कसं झिरपतंय ते, आणि त्यांना एका मिनिटात पटलं. मग पागोळ्यांखाली ड्रम कुठे ठेवायचा, पहिल्या पावसाचं पाणी कसं सोडून द्यायचं कारण छपरावरची धूळ असते, ड्रमच्या तोंडाला जुनं सुती कापड कसं बांधायचं, हे सगळं त्यांनीच लावून दिलं. लहानपणापासून केलेलं काम. दोन ड्रम. मीटर लावला तर १२. तेव्हापासून पाऊस आहे तोवर ड्रम, आणि ड्रम संपले की किचनमधलं आरओ.

ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी माझी पद्धत लिहिते. झाड बारीक फर बार्क (फर झाडाच्या सालीचे तुकडे), परलाईट (हलके पांढरे खडे) आणि थोडा कोळसा अशा मिश्रणात, वर पातळ थर स्फॅग्नम मॉसचा, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या शेवाळाचा. रोज सकाळी वरून भरपूर पाणी घालून वाहू द्यायचं म्हणजे आधीचे क्षार धुऊन जातात, मग ताटलीत दोन सेंटीमीटर ताजं पाणी. तेच पाणी आठवडाभर ठेवायचं नाही, वास यायला लागतो. खत पाकिटावर लिहिलंय त्याच्या पाव हिस्सा, दर दोन आठवड्यांनी, आणि आरओ किंवा पावसाच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम नसतं म्हणून ते असलेलंच खत घ्यायचं. पूर्वेची खिडकी. पान गवतासारखं फिकट हिरवं हवं, गडद हिरवं दिसायला लागलं म्हणजे उजेड कमी पडतोय, झाड दिसायला छान दिसेल पण फुलणार नाही. आणि दरवर्षी कुंडी बदलायची, दरवर्षी, कारण सतत ओलं असल्याने बार्क लवकर कुजतो. ह्यात कंटाळा केला तर तिसऱ्या वर्षी एकदम झाड ढेपाळतं.

आता फूल! पहिला स्पाइक, म्हणजे फुलांचा दांडा, ऑक्टोबरमध्ये पानांच्या मधून दिसला आणि पहिलं फूल उमललं ते नोव्हेंबरच्या शेवटी. साधारण दहा सेंटीमीटर रुंद, दोन पाकळ्या अगदी आडव्या पसरलेल्या, गोलसर, आणि रंग... शेंदूर म्हणावा तर त्याहून खोल, कुंकू म्हणावं तर त्यात केशरी झाक आहे, आणि पाकळीवर मखमलीसारखी बारीक लव त्यामुळे उन्हात तो रंग आतून पेटल्यासारखा वाटतो. फोटोत हे येत नाही. मी खूप प्रयत्न केला, फोन लाल रंगाचा नुसता गोळा करून टाकतो. थंडीत रंग जास्त खोल आणि तोच स्पाइक मे महिन्यात फुलला तर जरा केशरीकडे जातो हे माझ्याकडे तरी तिन्ही वर्षं दिसलंय.

आणि ह्या झाडाची किंमत वसूल होते ती इथे, फुलं एकदम येत नाहीत, एकामागून एक येतात. एक गळायच्या बेतात आलं की मागची कळी फुगलेली असते. पहिल्या वर्षी एका स्पाइकवर सात फुलं, नोव्हेंबर ते मे. नंतर त्याच स्पाइकला फांदी फुटली आणि अजून दोन. किराणा दुकानातल्या २० डॉलरच्या फॅलेनॉप्सिसची फुलं पण तीन-चार महिने टिकतात हे खरं, पण तिथे सुरुवातीची तीच फुलं शेवटी मलूल होईपर्यंत असतात. इथे दर तीन-चार आठवड्यांनी नवीन फूल उघडताना बघायला मिळतं, आणि सकाळी उठून आधी तिकडे जायची सवयच लागते.

फूल गळतं पण ताजं असतानाच. सुकत नाही, कोमेजत नाही, अख्खं टपकन खाली पडतं. पहिल्यांदा मला वाटलं काहीतरी चुकलं. चुकलेलं नसतं, फ्रॅगची रीतच तशी आहे. वाटीत पाणी घेऊन त्यावर ठेवलं तर अजून दोन-तीन दिवस छान राहतं. सासूबाईंनी पहिलं पडलेलं फूल उचललं आणि सरळ देवघरात गणपतीपुढे ठेवलं. मी म्हटलं आई, खाली पडलेलं आहे, आणि ह्याला इकडे चप्पल म्हणतात, चालेल का? तर म्हणाल्या, "चप्पल खंयची गो, ह्यो तर बटवो असा. आणि पारिजातकाची फुलां खाली पडलेलीच घालतो मां आपण, मगे ह्या कित्याक चलाचा नाय?" तेव्हापासून आमच्या घरी ह्याचं नाव बटव्याचं फूल. दुसऱ्या वर्षी भाद्रपदात दुसऱ्या पंख्याचा स्पाइक चालू होता, जास्वंदीला त्या आठवड्यात एकही फूल नव्हतं, आणि गणपतीला दोन बटवे वाहिले गेले.

बटवा हा शब्द मला आवडतो कारण फुलाचं काम पण तसंच आहे, काहीतरी आत घ्यायचं आणि सोडताना एका ठराविक वाटेनेच सोडायचं. कडा आत वळलेल्या आणि गुळगुळीत, माशी आत पडली की त्या बाजूने चढता येत नाही. मागच्या बाजूला आत केसांची शिडी असते, तीवरून वर आलं की देठाजवळ दोन्ही बाजूंना दोन छोटी भोकं, आणि त्या वाटेवर आधी स्टिग्मा, म्हणजे पराग घेणारा भाग, लागतं आणि मग परागकोश. म्हणजे आधीच्या फुलातले पराग आधी पुसले जातात आणि बाहेर पडताना नवीन चिकटतात. मुलीने भिंग घेऊन तासभर हे बघितलं. शाळेच्या प्रोजेक्टला ह्याहून चांगलं काही नाही.

तक्रारी पण आहेत. एक म्हणजे वेळ. सुट्टीवर दोन आठवडे गेलात तर ताटली कोण भरणार ते आधी ठरवा. दुसरं, गोगलगायी, ताटलीतल्या ओलाव्याला हमखास येतात, बाल्कनीत ठेवलं होतं तेव्हा एका रात्रीत कळी कुरतडली. तिसरं, आणि ह्यात दोष झाडाचा नाही, ऑनलाइन खरेदी. उत्साहात मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून जानेवारीत दुसरं रोप मागवलं, ते पाच दिवस रस्त्यात थंडीत राहिलं, खोक्यात ऊब देणारा हीट पॅक नाही, मुळं मऊ पडलेली, आणि टॅगवर एक नाव, बिलावर दुसरं. फोटो पाठवल्यावर पैसे परत दिले, पण झाड तर गेलंच. त्यामुळे हिवाळ्यात मागवू नका, आणि मागवलंच तर हीट पॅकचे वेगळे पैसे लागले तरी द्या.

जेसन फिशर आवडला म्हणून मी अजून दोन फ्रॅग पण घेतली, त्यांच्याबद्दल थोडं.

शुद्ध बेसी. फूल जेसन फिशरपेक्षा लहान पण काय नजाकत आहे, रंग अजून तेजस्वी. पण नवीन शिकणाऱ्याने घेऊ नये असं माझं स्पष्ट मत. हिला थंडावा लागतो, रात्री १३-१५ अंश मिळालं तर खूश, आणि २०२२ च्या सप्टेंबरमध्ये इथे उष्णतेची लाट आली तेव्हा चारपैकी दोन ग्रोथ गेल्या. ओला टॉवेल, पंखा, बर्फाच्या पाण्याची बाटली बाजूला, सगळं केलं. जेसन फिशर त्याच खिडकीत, त्याच दिवसांत नुसता जरा मलूल झाला आणि सावरला, मला वाटतं तो ब्राझीलचा पाव हिस्सा तिथे कामी आला. बेसीची दुसरी सवय म्हणजे नवीन कोंब लांब दांड्यावर येतो, कुंडीच्या बाहेर चढत जातो आणि मुळं हवेत लोंबतात. कड्यावर वर-वर सरकत जायची सवय आहे ती. कोंबाच्या पायाशी ओलं मॉस बांधून ठेवावं लागतं.

ग्रांडे. हा १८८१ चा व्हीचचाच हायब्रिड, अजून विकला जातो म्हणजे बघा. लांब शेपटीच्या जातीचा वारसा आहे ह्याला, बाजूच्या दोन पाकळ्या उमलल्यावर रोज वाढत जातात, पीळ पडत पडत खाली येतात, माझ्याकडे ३० सेंटीमीटर झाल्या, मुलगी रोज पट्टी लावून वहीत लिहायची. पण झाड प्रचंड आहे, फ्लॅटमध्ये एक स्टूल अख्खं त्याचंच. आणि लक्षात ठेवा, शेपटीवाल्यांना ताटलीत कायम पाणी नको. दमट ठेवायचं, बुडवून नाही. हे मला त्याच ग्रोअरनी घेतानाच सांगितलं म्हणून वाचलं.

कोवाची ही फ्रॅगची अजून एक जात, ती घ्यायची का असं दोघा-तिघांनी विचारलं. वीस सेंटीमीटरपर्यंत जाणारं जांभळट गुलाबी फूल, फोटो बघितला की कोणालाही हवंसं वाटतं. पण त्याची कहाणी माहीत असू द्या. २००२ मध्ये पेरूत रस्त्याकडेच्या विक्रेत्याकडून घेतलेलं रोप कागदपत्रांशिवाय फ्लोरिडाच्या सेल्बी गार्डन्स ह्या वनस्पती उद्यानात पोचलं, तिथे घाईघाईने नाव देऊन प्रसिद्ध केलं गेलं, आणि मग अमेरिकेत खटला झाला, रोप आणणाऱ्याने आणि गार्डनने दोघांनी गुन्हा कबूल केला, गार्डनला ५,००० डॉलर दंड. आणि इकडे पेरूमध्ये ज्या डोंगरावर ती होती तिथली रोपं लोकांनी ओरबाडून नेली. बेसीचं पण सापडल्यावर तेच झालेलं. सगळी फ्रॅग साईटिसच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या यादीत आहेत, म्हणजे जंगलातल्या रोपाचा देशादेशांमधला व्यापार बंद. आता पेरूने परवानगी दिलेल्या रोपांपासून लॅबमध्ये बियांची रोपं झालीत, ती कायदेशीर मिळतात, कोवाची आणि बेसीचा संकर फ्रिट्झ शोमबर्ग पण मिळतो आणि तो वाढवायला सोपा आहे. पण विक्रेत्याला विचारा, रोप कुठून आलं, मूळ रोपाचे कागद आहेत का. जो चिडेल त्याच्याकडून घेऊ नका. मला ह्या बाबतीत जराही तडजोड चालत नाही, त्या कड्यावर ते फूल राहिलंच नाही तर माझ्या खिडकीतल्या फुलाला बघून मला आनंद कसा होणार.

भारतातले नातेवाईक विचारतात, येताना एक तुकडा बॅगेत टाकून आण ना. नाही आणणार. साईटिसचे कागद, फायटोसॅनिटरी (रोपाला रोग-कीड नसल्याचं) सर्टिफिकेट, प्लांट क्वारंटाइन, सगळं लागतं, आणि ते असायलाच हवं. तिकडे कोणाला कागदांसकट मिळालंच तर मुंबई-रत्नागिरीच्या उकाड्यात बेसीच्या वाटेला जाऊ नका, लाँगिफोलियम ही जात आणि तिचे हायब्रिड उष्णता बऱ्यापैकी सोसतात, सेडेनी त्यातलाच. आणि पाण्याचं म्हणाल तर कोकणात चार महिने आभाळातून जे पडतं तेच ह्या झाडाला लागतं, मला इथे त्याच्यासाठी ड्रम मांडावे लागतात.

मार्क द्यायचे तर जेसन फिशर ५ पैकी ४.५, अर्धा कमी रोजच्या ताटलीसाठी. बेसी फुलाला ५, घरात वाढवायला ३. ग्रांडे ४, जागा असेल तर.

जेसन फिशरच्या आता नऊ ग्रोथ झाल्यात, कुंडी दहा इंची. मार्चमध्ये कुंडी बदलताना वाटणी करणार आहे, तीनपेक्षा कमी ग्रोथचा तुकडा करायचा नाही, नाहीतर दोन वर्षं रुसून बसतो. एक तुकडा रेडवुड सिटीच्या मैत्रिणीला कबूल केलाय. तिच्या नळाला ‘हेच हेची’ नावाच्या जलाशयाचं पाणी येतं, सिएरातल्या बर्फाचं. मागच्या आठवड्यात मीटर घेऊन गेले होते मुद्दाम, तिच्या सिंकमध्ये बुडवला, ३५ आला. तिला ड्रम लागणार नाहीत.